‘डिअर एव्हन हॅन्सन’ पाहायला भाचीला घेऊन लंडनला

सल्ला आधी देते. किशोरवयीन मुलाला किंवा मुलीला घेऊन जाणार असाल तर दुपारचा प्रयोग घ्या. रात्रीचा प्रयोग दहाच्या सुमारास सुटतो, मग परतीच्या गाडीसाठी पळापळ होते, आणि या अमेरिकी संगीत नाटकानंतर पळापळ अजिबात नको असते. मी आणि माझी पंधरा वर्षांची भाची २०२२च्या उन्हाळ्यात लेस्टरहून गेलो. दुपारचा खेळ पाहिला आणि संध्याकाळ मुद्दाम मोकळी ठेवली.

प्रवास सोपा आहे. लेस्टरहून थेट गाडी सेंट पँक्रसला सोडते. तिथूनच लंडनच्या भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाइन पकडायची, चौथं स्टेशन लेस्टर स्क्वेअर. कॉव्हेंट गार्डनला उतरायचा मोह टाळा. तिथे लिफ्टसाठी गर्दी असते आणि ही दोन स्टेशनं एकमेकांना इतकी खेटून आहेत की फायदा काहीच नाही. सोबत पंधरा वर्षांपर्यंतची मुलं असतील तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढा. मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना साठ टक्के सवलत मिळते.

नाटक तेव्हा लागलं होतं ते ‘नोएल कॉवर्ड’ हे सेंट मार्टिन्स लेनवरचं १९०३ सालचं थिएटर. लाल मखमल, सोनेरी नक्षी, सगळं जुन्या थाटाचं. त्या काळच्या माणसांचे गुडघे बहुधा लहान असावेत, कारण पुढच्या खुर्चीला पाय टेकल्याशिवाय बसता येत नाही. सगळ्यात वरची बाल्कनी स्वस्त खरी, पण जिने भरपूर आणि उतार अंगावर येणारा. आम्ही रॉयल सर्कलमध्ये बसलो आणि ते बरंच झालं. नेपथ्यात उंच उभे पडदे आहेत, त्यांवर मेसेज, पोस्ट, चेहरे सतत धावत असतात. खाली स्टॉल्समध्ये फार मागे बसलात तर डोक्यावरचा मजला या दृश्याचा वरचा भाग खाऊ शकतो. गंमत म्हणजे या प्रयोगात रंगमंचावर माणसं फक्त आठ होती. समूहनृत्य नाही, गर्दी नाही. गर्दी सगळी त्या पडद्यांवर. एकटेपणा दाखवायची याहून नेमकी युक्ती मी तरी रंगमंचावर पाहिलेली नाही.

गोष्ट थोडक्यात सांगते. एव्हनला माणसांशी बोलण्याचीच धास्ती आहे. त्याच्या थेरपिस्टने त्याला रोज स्वतःलाच पत्र लिहायला सांगितलंय. त्यातलं एक पत्र कॉनर नावाचा शाळेतला मुलगा त्याच्याकडून हिसकावून घेतो आणि पुढे आत्महत्या करतो. खिशातलं ‘डिअर एव्हन हॅन्सन’ असं सुरू होणारं पत्र पाहून कॉनरच्या आईवडिलांना वाटतं, हे आपल्याच मुलाने त्याच्या जिवलग मित्राला लिहिलंय. एव्हन नाही म्हणत नाही. तिथून खोटं वाढत जातं. रचलेले ईमेल येतात, कॉनरच्या नावाने मोहीम उभी राहते, एव्हनचं भाषण जगभर पसरतं. मध्यंतर होतं तेव्हा थिएटरभर लोक डोळे पुसत असतात आणि आपण खोट्यावर रडतोय हेही प्रत्येकाला ठाऊक असतं.

बेंज पॅसेक आणि जस्टिन पॉल यांची गाणी, स्टीव्हन लेव्हन्सनची संहिता. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २०१६च्या डिसेंबरात हे नाटक लागलं आणि पुढच्या वर्षी त्याला सहा टोनी पुरस्कार मिळाले. आपल्या संगीत नाटकांच्या सवयीने मी गायकी ऐकायला बसले होते, पण इथे पद रंगवण्यासाठी कुणी थांबत नाही. बोलताना अडखळणारा, वाक्य अर्धवट सोडणारा मुलगा गायला लागला की सरळ बोलतो, एवढंच. एव्हनचं काम नटाला इतकं पिळून काढणारं आहे की आठवड्यातले काही प्रयोग पर्यायी नट करतो. तुम्हाला ठरावीकच नट पाहायचा असेल तर तिकीट काढण्याआधी चौकशी करा. आमचं काही बिघडलं नाही.

मला कोसळवलं ते दुसऱ्या अंकातल्या आईच्या गाण्याने. एव्हनची आई हायडी दवाखान्यात पाळ्या करते, रात्री शिकायला जाते, आणि तिच्या मुलाला काय होतंय हे तिला सगळ्यांत शेवटी कळतं. ‘सो बिग, सो स्मॉल’मध्ये ती नवरा घर सोडून गेला त्या दिवसाबद्दल गाते. किशोरांसाठीचं नाटक म्हणून याची जाहिरात होते, पण घायाळ होऊन बाहेर पडतात ते पालक.

माझी तक्रारही आहे. एव्हनला फार स्वस्तात सोडलंय. मेलेल्या कॉनरचं खरं आयुष्य कसं होतं हे कुणालाच नीट कळत नाही, तो सगळ्यांच्या उपयोगाचा होऊन राहतो. भाचीचं मत वेगळं होतं. ती म्हणाली, “मावशी, तो खोटं का बोलला हे कळलं तरी तो बरोबर ठरत नाही, आणि नाटक तसं म्हणतच नाहीये.” यावर मी अजून ठाम उत्तर दिलेलं नाही.

हे संभाषण मात्र प्रयोगानंतर बऱ्याच वेळाने झालं. दारातून बाहेर पडताना तिने आधीच बजावलं होतं, “आता लगेच काही विचारू नकोस हं.” म्हणून ट्रफाल्गर स्क्वेअर ओलांडून आम्ही एम्बँकमेंटकडे चालत सुटलो, पूल ओलांडून साउथ बँकेवर खायला बसलो. समोरासमोर बसवून “कसं वाटलं?” विचारण्यापेक्षा बाजूबाजूने चालणं बरं. मुलं डोळ्यांत न बघता जास्त बोलतात. शाळेतल्या एका मैत्रिणीची गोष्ट तिने तेव्हाच पहिल्यांदा काढली.

काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. साधारण बारा वर्षांवरच्यांसाठीच हे नाटक आहे. आत्महत्या रंगमंचावर दिसत नाही, पण तिच्याबद्दल बरंच बोललं जातं, आणि एव्हन झाडावरून कसा पडला याचा उलगडा ऐकायला जड आहे. शिव्या आहेत, ‘सिन्सिअरली मी’ गाण्यात चावट विनोदही आहेत. आजीआजोबांना शेजारी बसवणार असाल तर विचार करा. घरात नुकतंच असं काही घडलं असेल तर आधी एकट्याने पाहून या, मग मुलांचं ठरवा. ब्रिटनमध्ये कुणाला बोलायची गरज वाटली तर समॅरिटन्स या मदतसंस्थेचा ११६ १२३ हा क्रमांक चोवीस तास फुकट आहे. तो मुलांच्या फोनमध्ये असू द्या, नाटक पाहा किंवा न पाहा.

लंडनचा हा प्रयोग २०२२च्या ऑक्टोबरात उतरला. २०२४च्या सप्टेंबरात नॉटिंगहॅम प्लेहाउसपासून नव्या संचाचा ब्रिटनभर दौरा सुरू झाला होता, त्यामुळे लंडनबाहेरच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा. लंडनला दुसरं कुठलं नाटक पाहायचं झालं तर लेस्टर स्क्वेअरमधल्या टीकेटीएसच्या खिडकीवर सवलतीची तिकिटं मिळतात, आणि ऑगस्टमध्ये किड्स वीकच्या योजनेत मोठ्यांच्या एका पूर्ण तिकिटामागे एका मुलाचं तिकीट फुकट असतं.

गाणी आधी ऐकून जावं का? मुलांनी बहुधा ऐकलेलीच असतात आणि त्यांचा रसभंग होत नाही. पालकांनी निदान हायडीचं गाणं तरी राखून ठेवावं.