फासे टाका, आंघोळ करा
आज अल्जीरियातलं टिमगाद पाहिलं. इ.स. १०० च्या सुमारास रोमन सम्राट ट्राजननं वसवलेलं गाव, काटकोनात आखलेले रस्ते आणि मधोमध फोरम, म्हणजे गावचा मुख्य चौक. एका बाजूला नगरसभा, दुसऱ्या बाजूला बॅसिलिका, म्हणजे न्यायनिवाड्याचं सभागृह. ते सगळं ठीक. मी रेंगाळले फोरमच्या फरशीपाशी! तिथे कुणीतरी खेळाचा पट कोरलाय आणि घरांच्या जागी अक्षरं: सहा शब्द, प्रत्येकी सहा अक्षरांचे. मथितार्थ: शिकार, आंघोळ, खेळ, हसणं, हेच जगणं. कामधंद्याचं नावच नाही! आत कारभारी ठराव करतायत, बाहेर मंडळी फासे टाकतायत, असं मला दिसायलाच लागलं. आंघोळीचं म्हणाल तर गावात डझनाहून जास्त स्नानगृहं होती. शिवाय फोरमला लागून सार्वजनिक शौचालय, बैठकींना टेकायला दगडी डॉल्फिन. चैन होती राव!