जटामांसी उकळू नका

झोपेसाठी जटामांसी ही केसाळ, सुगंधी मुळी घेणारे बरेच जण तिचा काढा करतात. पाणी निम्मं होईपर्यंत आटवतात, घरभर वास सुटतो आणि औषध छान उतरलंय असं वाटतं. पण तो वास म्हणजे उडून चाललेलं तेल, आणि आपल्याला हवं असतं ते तेच. म्हणून अशा सुगंधी द्रव्याचा फांट करावा, म्हणजे ते न उकळता गरम पाण्यात झाकून भिजवावं आणि गाळून घ्यावं.

एका वेळेला 2 ते 3 ग्रॅम पुरे. आधी कागदावर झटकून घ्या, तंतूंमध्ये माती आणि रेती बरीच अडकलेली असते. मिक्सरमध्ये अख्खी टाकली तर तंतू पात्याला गुंडाळतात. कात्रीने बारीक तुकडे करा, मग खलबत्त्यात जाडसर कुटा. पाऊण कप पाणी उकळून गॅस बंद करा, त्यात हे भरड घाला आणि लगेच घट्ट झाकण ठेवा. पंधरा मिनिटांनी झाकणाला लागलेले थेंब कपातच झटका आणि फडक्यातून गाळा. चहाच्या गाळणीतून सुटलेले तंतू घशाला टोचतात. चव कडवट, जरा मातकटच. झोपण्याच्या तासभर आधी घ्या. कपभराहून जास्त नको, नाहीतर रात्री लघवीसाठी उठावं लागेल आणि सगळं मुसळ केरात.

तयार चूर्ण शक्यतो टाळाच. ते लवकर निर्गंध होतं आणि त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. तगर नावाच्या दुसऱ्या औषधी मुळीचं शास्त्रीय नाव व्हॅलेरियाना जटामांसी, खऱ्या जटामांसीचं नार्डोस्टॅकिस जटामांसी. लेबलांवरचा घोळ इथूनच सुरू होतो. तगरही झोपेसाठी वापरतात, पण झाड वेगळं. अख्खी जटामांसी तांबूस-तपकिरी, केसाळ असते. तुकडा मोडून चोळला की बोटांना उग्र, जड वास लागायला हवा. नसेल तर माल जुना. हिमालयात 3,000 मीटरच्या वर वाढणारी ही वनस्पती मुळासकट उपटली जाते आणि आज ती अतिसंकटग्रस्त आहे. लागवडीची मिळाली तर तीच घ्या, आणि किलोने साठवू नका. हवाबंद काचेच्या बरणीत, उजेडापासून लांब ठेवा.

पहिल्याच रात्री गाढ झोपेची अपेक्षा नको, ही झोपेची गोळी नव्हे. गोळ्या चालू असतील तर मात्र दोन्ही एकत्र घेऊ नका, गुंगी वाढू शकते. दारूबरोबरही नको. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना टाळा. घोरता घोरता श्वास अडकून जाग येत असेल, तर जटामांसी बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.