मित्राची पेटी : तिसरी नोंद

मागच्या नोंदीत मित्राच्या हरवलेल्या पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, शोध नाशिकच्या गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारापाशी येऊन थांबला होता. सप्टेंबर २००८ च्या महापुरात सराफ बाजाराजवळच्या मित्राच्या वाड्याचा खालचा मजला पाण्याखाली गेला. पेटी माडीवर होती म्हणून वाचली, पण पुढे वाडा रिकामा करताना ती भांड्याकुंड्यांबरोबर जुने सामान घेणाऱ्याला दिली गेली. मित्र तेव्हा परगावी होता.

बाजारातील एका वयस्कर विक्रेत्याने पंचवटीतील कारागिराचा पत्ता दिला आणि कारागिराने एका भजनी मंडळाकडे पाठवले. तेथील पेटी पाहून माझी निराशा झाली. भाता नवा, पॉलिश नवे, पट्ट्याही बदललेल्या. मित्राने सांगितलेली बाहेरची एकही खूण उरली नव्हती. मी उठणार इतक्यात बुवा म्हणाले, "पेटीचा आवाज गोड आहे हो, पण काळी चारला सा धरला की रिषभ उतरतो."

हे ऐकले आणि मी पुन्हा खाली बसलो. मित्राचे वडील काळी एकमध्ये, म्हणजे सप्तकातील पहिली काळी पट्टी सा धरून, गात आणि त्यांनी त्याच सुरावरून गांधार, धैवत व निषाद नैसर्गिक लावून घेतले होते, हे मित्राला पक्के आठवते. सगळ्या पट्ट्या समान अंतराने लावलेल्या पेटीपेक्षा असा नैसर्गिक, म्हणजे शुद्ध गांधार सुमारे १४, धैवत १६ आणि निषाद १२ सेंट खाली असतो; लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. काळी एकचा धैवत म्हणजे काळी पाच, आणि तीच पट्टी काळी चारचा रिषभ होते. शुद्ध रिषभ मात्र ४ सेंट चढा हवा. त्यामुळे तेथे तो एकूण २० सेंट उतरलेला लागतो, आणि बुवांच्या तयार कानाला तेच खटकत होते.

बुवांच्या परवानगीने स्क्रू काढून सुरांची फळी उलटी केली. रीड म्हणजे हवेने थरथरून सूर देणारी पितळी पट्टी; तिची जीभ टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. पांढरी चार, काळी पाच आणि पांढरी एक, एवढ्यांच्याच रीड प्रत्येक सप्तकात मुळाशी खोल घासलेल्या होत्या. पितळ काळवंडले असले तरी भिंगातून कानशीच्या आडव्या रेघा स्वच्छ दिसत होत्या. काळी एकवरून मोजल्यावर ट्यूनरने, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्राने, त्या अनुक्रमे १३, १७ आणि ११ सेंट उतरलेल्या दाखवल्या. इतक्या वर्षांनी हा हिशेब टिकून राहावा, याचे मला फार अप्रूप वाटले.

तरीही काळी एकला पेटी लावून घेणारे दुसरेही कुणी असू शकते, म्हणून मी फळी नीट न्याहाळत राहिलो. खर्जातील सर्वांत खालची रीड इतरांपेक्षा अरुंद असून तिच्या कडेच्या फटीत वहीच्या कागदाची घडी दाबलेली आहे. फोनवर हे सांगताच मित्र बराच वेळ गप्प राहिला. ती घडी शाळेत असताना वडिलांनी त्याच्याकडूनच करून घेतली होती.

मंडळाचा रोजचा हरिपाठ याच पेटीवर होतो, त्यामुळे ती नुसती मागणे योग्य नव्हते. बदल्यात माझी समान अंतराने लावलेली पेटी देऊ केली असून, मंडळ एकादशीला निर्णय सांगणार आहे. त्या दिवशी मित्रही येईल. तोपर्यंत मी एकाही रीडला कानस लावलेली नाही. कागदाच्या घडीसह फळी होती तशीच बसवून ठेवली आहे.