इन्सब्रुकचं सोन्याचं छप्पर: चौकात बसू नका, मनोरा चढा

फोटोंनी आमची पुरती दिशाभूल केली. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचं ‘गोल्डनेस डाख्ल’ म्हणजे अख्ख्या वाड्याला सोन्याचं छप्पर, अशा समजुतीनं गेलो होतो. प्रत्यक्षात ते एका कोरीव सज्जावरचं लहानसं छप्पर आहे, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या २,६५७ कौलांचं. हेर्त्सोग फ्रीडरिख रस्त्यावरून येताना पहिल्यांदा दिसतं तेव्हा बायको म्हणाली, “एवढंच?”

त्यात आदल्या दिवशी आम्ही शहरामागच्या डोंगरावरच्या झेग्रुबेहून खालच्या हुंगरबुर्गपर्यंत पायी उतरलेलो, हजारेक मीटरचा उतार. पायांचे गोळे दुखत होते, म्हणून समोरच्याच एका कॅफेत टेकलो. तीच चूक. दोन कॉफी, एक स्ट्रूडल, आणि न विचारता आणून ठेवलेली पाण्याची बाटली. तिचे पैसे जवळपास कॉफीइतके! या गावच्या नळाला नॉर्डकेट डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं. खुशाल बाटलीत भरून घ्या. बाटली न मागता आली तर झाकण उघडायच्या आत परत करा. चौकात बसून खाऊच नका, दोन गल्ल्या सोडून जा.

राग मनोऱ्यावर उतरला. जवळच जुन्या नगरभवनाचा श्टाटटुर्म, म्हणजे शहराचा मनोरा आहे, १३३ पायऱ्या. दुखऱ्या पायांनी प्रत्येक पायरी मोजली. ३१ मीटरवरच्या सज्ज्यात आलो आणि खाली ते छप्पर उन्हात पेटलेलं, मागे नॉर्डकेटची भिंत! खालून बघून निघून जाणाऱ्यांनी ते पाहिलंच नाही, असं मी म्हणेन. पाय कितीही दुखोत, चढा.

दुर्बीण जरूर न्या. सोन्याच्या छपराचा हा सज्जा सम्राट पहिल्या माक्सिमिलियाननं बांधून घेतला, १५०० साली पूर्ण झाला. चौकातले खेळ-सोहळे तो इथून बघायचा. सज्ज्याच्या कठड्यावरच्या शिल्पांत तो दोन बायकांसह आहे: पहिली बायको, तोवर वारलेली मेरी आणि दुसरी बियांका मारिया स्फोर्त्सा. शेजारी अंग पिळवटून नाचणारे मोरिस्का नर्तक. आता दिसतात त्या प्रतिकृती. मूळ शिल्पं संग्रहालयात हलवलेली आहेत.

याच चौकात १५३६ मध्ये याकोब हुटर या धर्मसुधारकाला जिवंत जाळलं. हे कळल्यावर मी तिथे फोटो काढायचं थांबलो.

तासभर उरला तर हॉफकिर्खं, म्हणजे दरबारी चर्च गाठा. माक्सिमिलियानच्या थडग्याभोवती माणसाहून मोठे २८ काळे कांस्यपुतळे उभे आहेत. थडगं मात्र रिकामं. त्याला पुरलंय वीनर नॉयश्टाट या दुसऱ्याच गावात.