काटोलचा दगड

नागपूरहून निघालेली एसटी कळमेश्वर मागे टाकते आणि संत्र्याच्या बागा सुरू होतात. काटोलला लोक संत्र्यासाठी येतात. मी मात्र उल्केसाठी आलो होतो. ती पडली तो दिवस २२ मे २०१२, दुपारचे दोन वाजून गेलेले, नवतपा तीन दिवसांवर. विदर्भातल्या अशा उन्हात सगळं गाव घरात असतं. त्याच वेळी आभाळातून धमाके ऐकू आले आणि काटोलच्या आसपास दगड पडले.

स्टँडजवळच्या टपरीवर एका वयस्क बागायतदारांशी गप्पा जमल्या. "आमाले वाटलं, इमानच पडलं!" ते म्हणाले. पुढच्या काही दिवसांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी बरेच तुकडे गोळा केले. उल्केला नाव मिळतं ते पडल्या जागेचं, त्यामुळे जगभरच्या उल्कांच्या यादीत आज 'काटोल' आहे. याचा मला फार आनंद वाटतो.

नागपुरात एका परिचित भूशास्त्रज्ञांनी मला अशाच दगडी उल्केचा छोटा तुकडा हातात दिला होता. बाहेरून काळं कवच, वातावरणातून येताना वितळून झालेलं, जाडी मिलिमीटरभरही नाही. फुटलेल्या बाजूला मात्र राखाडी दगड आणि त्यात चमचमणारे लोह-निकेलचे कण. चुंबक लगेच चिकटला. पण वर्ग ठरतो तो पुढे. दगडाची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती घासतात. इतकी पातळ झाली की तिच्यातून प्रकाश आरपार जातो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ऑलिव्हिन या खनिजाचे निळे-पिवळे रंग उजळतात. मी त्यावरून डोळा काढायलाच तयार नव्हतो! खरी मोजणी इलेक्ट्रॉन प्रोबवर, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या झोताने खनिजातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर होते: ऑलिव्हिनमध्ये लोह किती, यावरून उल्केचं कूळ कळतं.

काटोल ठरली 'एल ६' कॉन्ड्राइट, म्हणजे दगडी उल्कांचा एक प्रकार. एल म्हणजे एकूण लोह कमी असलेला गट. सहा म्हणजे मूळ लघुग्रहाच्या पोटात हा दगड इतका तापला होता की त्यातले कॉन्ड्र्यूल, म्हणजे सूर्यमालेच्या सुरुवातीचे गोल कण, कडा हरवून आजूबाजूच्या दगडात मिसळून गेले.

शिवाय २०२१ मध्ये आयआयटी खरगपूरच्या संशोधकांसह एका गटाने यात ब्रिजमनाइट सापडल्याचं प्रसिद्ध केलं. पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरच्या खाली हेच खनिज सर्वांत जास्त आहे, पण तिथपर्यंत आपला हात पोचत नाही. मला विचाराल तर काटोलचं खरं मोल इथे आहे.

हे सांगितल्यावर बागायतदारांनी चहाचा कप खाली ठेवला. "मंग हा दगड खालून आला का वरतून?"

वरूनच, मी म्हणालो. अवकाशात दोन लघुग्रह आदळले, तेव्हा क्षणभर तेवढाच दाब आणि तेवढीच उष्णता तयार झाली, आणि खनिज बनलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग टक्कर कधी झाली, कुठे झाली, बाकीचे तुकडे कुठे गेले, असे प्रश्न सुरू झाले. नागपूरची पुढची गाडी मी सोडून दिली.