गांधीनगरची कोकी आणि पाडव्यानंतरचा दिवस

कोल्हापूरकरांना शेजारचं गांधीनगर म्हटलं की होलसेल कापडच आठवतं, लग्नाचा बस्ता तिथूनच, पण खरेदी झाली की पिशव्या घेऊन सगळे सरळ घरी पळतात आणि तिथलं खाणं राहूनच जातं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. फाळणीनंतर सिंधमधून सगळं सोडून आलेली माणसं इथं वळिवड्याच्या छावणीत राहिली (त्याआधी १९४३ पासून तिथं पोलंडचे निर्वासित होते, तो वेगळाच इतिहास) आणि त्यांनी सणवार, पदार्थ, त्यांची नावं सगळं जपलं.

आपला पाडवा झाला की दुसऱ्या दिवशी, चैत्र शुद्ध द्वितीयेला, त्यांचा चेटीचंड, म्हणजे सिंधी लोकांचं आराध्य दैवत झुलेलालची जयंती. बहराणो साहिब म्हणजे कणकेचा दिवा, खडीसाखर, फळं वगैरे सजवून मिरवणुकीनं पाण्यापर्यंत नेतात, प्रसादाला ताहिरी, म्हणजे गूळ-साखरेचा गोड भात, आणि शुभेच्छा द्यायच्या तर 'लख लख वाधायूं'. श्रावण वद्य सप्तमीला थदडी, त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचे लोले, म्हणजे जाड गोड पोळ्या, आणि कोकी, म्हणजे कांदा-मिरचीची जाड पोळी, खातात, आपल्या शिळासप्तमीसारखंच. होळीला घीयर, जिलबीचीच जात पण ताटाएवढी.

आता कोकी. कणकेत भरपूर मोहन, कांदा, मिरची, कोथिंबीर, अनारदाणे, पीठ घट्टच हवं. जाड लाटून अर्धवट भाजायची, मग तीच परत लाटून मंद आचेवर तूप सोडत खरपूस करायची, घाई केली की आत कच्ची राहते. सोबत दही-पापड. दाल पकवान सगळ्यांना माहितीय, पण पुढच्या बस्त्याला कोकी मागाच!