आधी पाहणी, मग खिडकी : आमची वाटचाल

माझ्या वडिलांनी १९८३ साली बडोद्याच्या वाडी भागात एक भाड्याचा गाळा घेतला आणि दोन सुतारांना सोबत घेऊन दारे-खिडक्यांचे काम सुरू केले. त्या काळी आमच्या शहरात खिडकी म्हणजे सागवानाची चौकट, लोखंडी गज आणि लाकडी झडपा हेच समीकरण होते. दांडिया बाजार, रावपुरा आणि वाडीतील जुन्या मराठी घरांमधून वडिलांना जे काम मिळे ते बहुतेक दुरुस्तीचे असे : पावसाळ्यात फुगलेली झडप रंधून देणे, झिजलेल्या बिजागऱ्या बदलणे, तावदानाभोवतीची सुटलेली लांबी, म्हणजे पुटी, काढून खडूची पूड आणि जवसाचे तेल मळून ती नव्याने भरणे. राहत्या घरातील खिडकी काढून टाकून तिच्या जागी दुसरी बसवावी, ही कल्पना तेव्हा फारशी रूढ नव्हती. पुढे ती रूढ झाली, आणि ती रूढ करण्यात आमचाही हात होता, हे मी सुरुवातीलाच नमूद करतो.

पदविका पूर्ण करून मी १९९४ साली वडिलांच्या कामात आलो, तेव्हा ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांना मोठी मागणी येऊ लागली होती. त्या हलक्या होत्या, त्यांना रंग लावावा लागत नसे, त्या फुगत नसत आणि एका दिवसात बसत. मकरपुऱ्याला लहानसे वर्कशॉप घेऊन आम्ही ते काम सुरू केले आणि चार-पाच वर्षांत अनेक घरांतील सागवानी खिडक्या काढल्या. त्यांतल्या कितींना खरोखर बदलण्याची गरज होती, हा प्रश्न मी त्या काळात एकदाही विचारला नाही.

तो प्रश्न विचारायला मला दांडिया बाजारातील एका वाड्याने भाग पाडले. घर आमच्या ओळखीचे होते आणि तेथील काकूंना मी लहानपणापासून जाणत होतो. पश्चिमेकडील खोल्यांत दर पावसाळ्यात खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी झिरपत असे, म्हणून त्यांनी आम्हाला बोलावले, आणि आम्ही त्या बाजूच्या आठही खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवल्या. जुन्या चौकटी आणि झडपा जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे गेल्या. पुढच्या आषाढात काकूंचा निरोप आला : "अरे, खिडकी नवी घातलीस, पण पाणी तर जुन्याच जागी येते आहे." वडील माझ्यासोबत आले. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी पाणसळ, शिडी आणि पाण्याची नळी मागवली. प्रथम खिडकीच्या खालच्या पाटावर, मग दोन्ही बाजूंना, मग वरच्या कडेवर आणि शेवटी छज्ज्यावर, असे खालून वर प्रत्येक टप्प्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबत त्यांनी पाणी सोडले. पहिल्या तीन टप्प्यांत आत थेंबही आला नाही. छज्ज्यावर पाणी पडताच मात्र काही मिनिटांत वरच्या कोपऱ्यात ओल उतरली, कारण छज्जा जेथे भिंतीला मिळतो तेथे बारीक भेग होती आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी गळून पडावे म्हणून ठेवलेली खाच गिलाव्याने बुजली होती. दोन दिवसांच्या गवंडीकामाने जे थांबले असते त्यासाठी आम्ही आठ उत्तम खिडक्या मोडल्या होत्या. गवंड्याचा खर्च आम्ही केला, परंतु गेलेले लाकूड परत आणता आले नाही. शिवाय सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते, त्यामुळे त्या खोल्यांत पूर्वीइतका वाराही राहिला नाही. मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर जाणाऱ्या शहरात ही उणीव लहान नव्हे.

त्या प्रसंगानंतर आम्ही पाहणीची वही सुरू केली. खिडकी बदलण्याचे काम आले तरी दर सांगण्यापूर्वी घरी जाऊन प्रत्येक खिडकीची स्वतंत्र नोंद करायची आणि तिच्यापुढे 'ठेवावी', 'दुरुस्त करावी' किंवा 'बदलावी' यांपैकी एकच शब्द कारणासह लिहायचा, असा नियम आम्ही केला आणि तो आजही पाळतो.

या वहीने सर्वांत अधिक शिकवले ते लाकडी खिडकीविषयी. पावसाळ्यात झडप लागत नाही, एवढ्यावरून ती बदलू नये. लाकूड हवेतील ओल घेऊन आडव्या अंगाने फुगते आणि हवा कोरडी झाली की पुन्हा आकसते. म्हणून श्रावणात अडलेली झडप दिवाळीनंतर आपोआप नीट लागत असेल, तर तिला दोष नाही. अशी झडप भर पावसात रंधणे ही मोठी चूक आहे, कारण हिवाळ्यात तीच सैल होते आणि फटीतून धूळ व गार वारा येऊ लागतो. आम्ही अशा घरी कार्तिकात पुन्हा जातो आणि तेव्हाही ती अडत असेल तरच रंधा लावतो.

कुजणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. आपल्याकडे पाऊस नैऋत्येच्या वाऱ्यासोबत येतो, त्यामुळे त्या दिशेच्या खिडक्या आधी जातात, आणि प्रत्येक खिडकीत खालची आडवी पट्टी, पाट आणि खालचे दोन सांधे आधी जातात, कारण पाणी तेथेच साचते. रंगावर भरवसा ठेवू नये. रंगाचा थर शाबूत असताना आतले लाकूड भुसभुशीत झालेले आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. अणकुचीदार आरी या जागी हाताने दाबावी. सुदृढ साग तिला अडवतो. ती सहज पाच-सहा मिलिमीटर आत गेली तर तेथे कूज आहे असे समजावे. लाकडातील ओल मोजणारे लहान यंत्रही आम्ही जवळ ठेवतो. चांगल्या वाळलेल्या लाकडात ओल साधारण बारा टक्क्यांपर्यंत असते, आणि ती दीर्घकाळ वीस टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाव मिळतो. कूज फक्त झडपेच्या खालच्या पट्टीत असेल, तर तेवढा भाग कापून सागाचा नवा तुकडा सांधता येतो आणि असा जोड नीट रंगवून राखला तर पुढे अनेक वर्षे टिकतो. भिंतीत गेलेले चौकटीचे पायच कुजले असतील, किंवा चारपैकी दोन-तीन सांधे सुटून चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, राहिली नसेल, तर दुरुस्तीवर पैसा घालू नये.

वाळवीचा, म्हणजे आमच्याकडे सगळेच जिला उधई म्हणतात तिचा, निर्णयही असाच खोलात जाऊन करावा लागतो. सागाच्या गाभ्याला ती सहसा लागत नाही, परंतु सालीजवळच्या पांढरट लाकडाला लागते, आणि स्वस्त चौकटींत हा पांढरा भाग बराच असतो. चौकटीवर बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर आधी भिंतीचा आणि जमिनीचा उपचार करून घ्यावा. तो न करता नवी लाकडी चौकट बसवली तर तिचीही तीच गत होते.

एक लक्षण ग्राहकांना हमखास चकवते. खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरपी भेग निघाली असेल आणि झडप एकाच कोपऱ्यात घासत असेल, तर बहुधा दोष खिडकीत नसून घराच्या पायात असतो. बडोद्याच्या पुष्कळ भागांत काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हलक्या पायाचे घर थोडेथोडे हलवत राहते. आम्ही चौकटीला ओळंबा लावतो, दोन्ही कर्ण मोजतो, आणि त्यांत फरक आढळला तर खिडकीचे काम न घेता आधी बांधकाम अभियंत्याला दाखवावे असे सांगतो. हलत्या भिंतीत बसवलेली महागातली खिडकीही वर्ष-दोन वर्षांत अडू लागते.

जुन्या सोसायट्यांमधील लोखंडी खिडक्यांबाबत आमचे मत अधिक कठोर आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, म्हणून चौकट आतून गंजू लागली की ती स्वतःच भोवतालचा गिलावा फोडते, त्या भेगेतून आणखी पाणी शिरते आणि गंज वाढतच जातो. वरवरचा तांबूसपणा घासून, गंजरोधक थर देऊन थांबवता येतो. परंतु खालच्या कोपऱ्यात पत्र्यासारखे पापुद्रे सुटत असतील आणि काच आपोआप तडकत असेल, तर वाट पाहू नये. गजांची मुळे गंजली असतील तर तो मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे आणि तेथे आम्ही ताबडतोब बदलण्याचाच सल्ला देतो.

ॲल्युमिनियमच्या खिडक्यांची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण तेथे बहुतेक तक्रारी सुट्या भागांच्या असतात. झडप जड सरकते कारण खालची चाके झिजलेली असतात. आवाज आणि धूळ येते कारण कडेची लोकरी पट्टी विरलेली असते. पाणी आत येते कारण खालच्या खोबणीतील निचऱ्याची छिद्रे मातीने बंद झालेली असतात. हे सारे मिळूनही नव्या खिडकीच्या मानाने फारच थोड्या खर्चात होते. दुहेरी काचेच्या मधल्या पोकळीत धुके धरले असेल आणि ते आतून किंवा बाहेरून पुसले जात नसेल, तर काचांच्या कडेची बंदिस्ती सुटलेली असते. अशा वेळी तो काचेचा संच बदलावा, चौकट बदलण्याचे कारण नाही.

उष्णतेसाठी खिडकी बदलू पाहणाऱ्यांना मी नेहमी आधी बाहेर सावली करायला सांगतो. पश्चिमेचे ऊन काचेतून एकदा आत आले की पडदा ते थोडेच अडवतो; बाहेरून लावलेली वाळ्याची किंवा बांबूची चीक ते काचेपर्यंत पोहोचूच देत नाही. पुढे यूपीव्हीसीच्या, म्हणजे एका कडक प्लास्टिकच्या, खिडक्या आल्या आणि योग्य ठिकाणी आम्हीही त्या बसवतो, कारण त्यांच्या पोकळ कप्प्यांतून उष्णता सहज जात नाही आणि आवाजही चांगला अडतो. मात्र हे साहित्य उन्हाने बरेच प्रसरण पावते : दीड मीटर लांबीची चौकट तापमानातील तीस अंशांच्या फरकाने सुमारे तीन मिलिमीटर वाढते. म्हणून तिच्याभोवती फट ठेवून ती लवचीक सीलंटने भरावी लागते. सिमेंटने आवळून बसवलेली चौकट वाकते आणि दोष मात्र साहित्याला दिला जातो.

शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या पुरांनी आमची परीक्षा घेतली. ३१ जुलै २०१९ रोजी शहरावर एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या आसपास गेली. पाणी ओसरल्यावर लोक घाबरून सगळ्याच खिडक्या बदलायला निघाले होते. आम्ही त्यांना थांबवले. गाळ स्वच्छ पाण्याने धुवावा, झडपा उघड्या ठेवाव्यात, ऊन थेट लागू न देता काही आठवडे वाळू द्यावे आणि मगच ठरवावे, असे आम्ही घरोघर सांगितले. जुना साग बहुतेक ठिकाणी सावरला. लाकडाच्या भुशापासून बनवलेल्या दाबीव फळ्या मात्र फुगून फुटल्या आणि त्या बदलण्यावाचून इलाज नव्हता. यूपीव्हीसी वरून स्वच्छ दिसले तरी मजबुतीसाठी आत घातलेल्या लोखंडी पट्टीपर्यंत गाळ गेलेला आम्हाला काही घरांत आढळला, म्हणून तेव्हापासून पुरात बुडालेली अशी चौकट आम्ही उघडून पाहिल्याशिवाय ठेवत नाही.

जुन्या रंगाविषयी एक सूचना येथेच देतो. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांच्या थरांत शिसे बरेच असू शकते. म्हणून जुनी खिडकी कोरडी घासू नये, पृष्ठभाग ओला करून खरवडावा, आणि त्या वेळी लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

दुरुस्तीच्या कामात नव्या खिडकीइतका नफा नसतो आणि ही वही सुरू केल्यावर पहिली दोन वर्षे आम्हाला जड गेली. पाहणीसाठी आम्ही लहानशी रक्कम घेऊ लागलो आणि काम झाल्यास ती बिलातून वजा करू लागलो, तेव्हा हिशेब जुळू लागला. आणि ज्यांना 'ठेवावी' असे लिहून दिले होते, त्याच घरांतून पुढे नवीन बांधकामाची मोठी कामे आली. आज आमच्याकडे अकरा माणसे आहेत. जुन्या सागात सांधा बसवू शकणारे त्यांपैकी दोघेच, आणि दोघेही साठीच्या पुढचे आहेत, याची मला काळजी वाटते. गेल्या वर्षापासून दोन तरुण मुले त्यांच्या हाताखाली शिकत आहेत.

काकू आता नाहीत. त्यांच्या नातवाने गेल्या चैत्रात मला त्याच वाड्यात बोलावले, कारण आम्ही बसवलेल्या खिडक्यांची चाके झिजली होती आणि त्याला पूर्वीसारख्या पूर्ण उघडणाऱ्या लाकडी झडपा हव्या होत्या. मी आठही जागा मोजल्या आणि वहीत सहांपुढे 'बदलावी' असे लिहिले. उरलेल्या दोन जिन्याच्या बाजूला आहेत, तेथे वाऱ्याचा प्रश्न नाही, म्हणून त्यांची फक्त चाके आणि पट्ट्या बदलायच्या आहेत. जुन्या वाड्यांतून निघालेला साग आम्ही शोधून आणला आहे. त्यातून सहा जोड्या झडपा घडवण्याचे काम सध्या त्या दोन मुलांच्या हातात आहे.